बर्फाखालच्या जिवांच्या राऊत मॅडम

"आधी दार लावा! उजेड आत येतोय!" राऊत मॅडमनी मला उद्देशून उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. नव्वदच्या दशकात मी वसईच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र विभागात रुजू झाले, त्या सकाळी मॅडम काळ्या कापडाने झाकलेल्या एका उंच काचेच्या नळीपुढे बसल्या होत्या. नळीत कळंबच्या समुद्राचं पाणी होतं. त्यांनी मला जवळ बोलावून वरून विजेरी लावली, आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव भराभर तळाकडे निघाले.

"माशांनी पाहू नये म्हणून दिवसा खाली, रात्री चरायला वर. रोज!" मॅडम लहान मुलीसारख्या हसल्या.

गिरीजच्या वाडीत राहणाऱ्या मॅडमना ध्यास मात्र उत्तर ध्रुवाकडचा. तिथल्या समुद्रावर बर्फ, त्यावर हिमाचा थर, खाली अंधार. मग हे जीव दिवसा खाली जातात की वरच थांबतात? दोन हजार सालानंतर एका परदेशी संशोधन जहाजावर त्यांना बोलावणं आलं. सासूबाई म्हणाल्या, "जा गं. वाडी आम्ही बघतो. कानटोपी तेवढी विसरू नकोस."

मोहिमेच्या शेवटच्या दिवशी, भर दुपारी, बर्फाला पाडलेल्या भोकातून जाळ्या सोडल्या. वरची भरून आली, खोलवरची रिकामी. म्हणजे जीव वरच थांबले होते! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण जाळी धुताना मॅडमना दिसलं, की खोलवरच्या जाळीचं तोंड अडकलेलं होतं.

"ती रिकामी आली, कारण उघडलीच नाही. हा नमुना धरू नका," त्यांनी मोहिमेच्या प्रमुखांना सांगितलं.

"जहाज निघायचंय, मॅडम."

"मग निष्कर्षही इथेच सोडून जाऊ."

प्रमुखांनी जहाज थांबवलं. या वेळी जाळी नीट उघडली, तरीही जवळजवळ रिकामीच आली. शेजारच्या, बर्फ नसलेल्या मोकळ्या पाण्यात मात्र जीव खोल उतरलेले सापडले. मॅडम डेकवर चक्क नाचल्या. ते नृत्य त्यांनी पुढे वर्गात साभिनय करून दाखवलं!

तुळिंजला माझी आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा माझी सगळी प्रात्यक्षिकं मॅडमनी परस्पर घेतली. आभार मानायला गेले, तर म्हणाल्या, "मला मुलांत राहायला मिळतं. आई कशा आहेत, ते सांगा."

साठी पूर्ण झाल्याने मॅडम निवृत्त होत आहेत. पण आता गावोगावच्या शाळांत सूक्ष्मदर्शक घेऊन जायचं त्यांनी ठरवलं आहे, आणि आम्हा सर्वांना परस्पर त्यात धरलंही आहे. मॅडम, पंचाहत्तरीनंतरही आम्हाला असंच कामाला लावण्यासाठी तुमचे गुडघे, डोळे आणि उत्साह ठणठणीत राहोत!