पायाला मुंग्या

खोकला गेला, ताप गेला आणि पंधरा दिवसांनी बायको म्हणाली, "अवो, पायाला मुंग्या येऊन राहिल्यात."

मी देवळातला पुजारी, पण माझ्या जिभेला हाड नाही. म्हणालो, "परसादाची साखर सांडली असंल पायावर." ती हसली. समईच्या वाती तीच वळायची. पाय पसरून बसली की तासाभरात डबा भरायचा.

दोन दिवसांनी ती बाजारातून एकाच पायात चप्पल घालून घरी आली. दुसरी कुठे गळाली ते तिला कळलंच नव्हतं. गल्लीत एकमत झालं, अंगावरून वारं गेलं. आमच्याकडे हातपाय लुळे पडले की दोष वाऱ्याचा. मग मी शहाण्याने काय करावं? दारं-खिडक्या लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या आणि सेनगावकडच्या एका जाणत्याच्या तेलाने सकाळ-संध्याकाळ तिचे पाय चोळले. असे सहा दिवस. सातव्या दिवशी तिला श्वास पुरेना, तेव्हा कुठे गाडी करून नांदेड गाठलं.

डॉक्टर म्हणाले, "वारंबिरं काही नाही. सर्दीतापाशी लढता लढता शरीर स्वतःच्याच नसांवर उलटलंय. आधी काहून आणलं नाही?"

जीव वाचला. दोन वर्षं झाली. पावलं लोंबतात, बोटांत कापूस धरवत नाही. वाती मी आता विकतच्या आणतो आणि पाकीट तिच्या नजरेआड ठेवतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, नसा सुधारायला लागल्या तर आधी पायाला मुंग्या येतील. तेव्हापासून रोज सकाळी मी विचारतो, "आल्या का?" ती म्हणते, "न्हाई."

परवा म्हणाली, "व्हय, आल्यात जराशा."

मला भरून आलं. पाय चोळावेत म्हणून मी पांघरूण सारलं. खाटेवर प्रसादाची साखर सांडली होती आणि तिच्या अंगठ्याला लाल मुंग्या लागल्या होत्या, खऱ्या. चावून चावून अंगठा सुजला होता. तिला त्याचा पत्ताच नव्हता. माझ्या समाधानासाठी ती खोटं बोलली होती आणि आता माझ्या तोंडाकडे बघून हसत होती.

मी गुपचूप मुंग्या झटकल्या, पांघरूण ओढलं आणि म्हणालो, "बरं झालं."