नव्याण्णव तोट्या आणि आमचं जाळं

मोटारसायकल विकली त्या दिवशी पक्कं झालं, आता इटलीला जायचंच. याच गाडीवर मी एकदा गोदावरी पाहायला सिरोंच्याला निघालो होतो आणि वाटेत इतक्या ठिकाणी भलतीकडे वळलो, की नदी दिसेपर्यंत अंधार पडला होता. विकताना वाईट वाटलं. पण विमानाचं तिकीट तिच्यातूनच निघणार होतं.

तुम्ही म्हणाल रोम, व्हेनिस. नाही. मला जायचं होतं लाक्विलाला, डोंगरातल्या एका जुन्या शहरात. का, ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, कोळसा खाणीत जाणार आहे. नाव लिहीत नाही, बोलणी अजून चालू आहेत. नवं गावठाण थोडं लांब मिळतंय. रस्ते, नाल्या, दिवे सगळं आखलेलं आहे, आमचा तलावही खाणीच्या रेषेबाहेर राहतोय. भांडण फक्त एवढ्यावर की प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटणार. आम्ही ढिवर, मासे धरणारे. आमच्या टोलीत, म्हणजे वस्तीत, तलावाचं मोठं जाळं कोणा एकाचं नसतं. प्रत्येक घरी त्याचा एक तुकडा असतो. मासे धरायच्या दिवशी घराला लागून घर जसं आहे तसा तुकड्याला तुकडा बांधायचा, की अख्खं जाळं पाण्यात उतरतं. कोणाची गाठ कोणाशी, हे ज्याला त्याला ठाऊक असतं. चिठ्ठीत एक घर या टोकाला आणि दुसरं त्या टोकाला गेलं, तर हाक मारायची कोणाला?

मी ताडोब्यात जिप्सी चालवतो. मागच्या उन्हाळ्यात फ्रँको आणि लिदिया हे म्हातारं जोडपं माझ्या गाडीत होतं. वाघ काही निघेना. पाणवठ्यावर बसून बसून कंटाळा आला, तेव्हा माझ्या सफारीच्या इंग्रजीत मी त्यांना हे जाळ्याचं सांगितलं. फ्रँको वाघ विसरून माझ्याकडे वळून बसला. म्हणाला, "आमचं शहर असंच बनलं आहे. शेकडो वर्षांपूर्वी आसपासची गावं डोंगरावरून उतरली आणि एकत्र येऊन शहर वसवलं. पण प्रत्येक गावानं आपला चौक, आपलं चर्च, आपलं पाणी वेगळं ठेवलं. शेजारीही जुनेच राहिले."

घरी येऊन वच्छलाकाकीला सांगितलं. काकी आमच्या टोलीची पुढारीण, माझ्या घराला लागूनच तिचं घर.

"तू पाह्यलं काय?" तिनं विचारलं.

"नाई, त्यानं सांगतलं."

"मंग ग्रामसभेत बोलू नको. तू कुठी निघते अन् कुठी पोहोचते हे साऱ्याईले मालूम हाये. म्हणतीन विक्या फेकून राह्यला."

ग्रामसभा दोन ऑक्टोबरला. नव्या गावठाणाचा नकाशा तिथंच मंजूर व्हायचा होता. पावसाळ्यात ताडोब्याचं आतलं जंगल, कोअर, बंद असतं, गाडी उभी, मी रिकामा. फ्रँकोनं व्हिसासाठी बोलावल्याचं पत्र पाठवलं. तुम्ही जाणार असाल तर कागद दोन महिने आधीपासून जमवा, आणि ओळखीचं कोणी तिकडे असेल तर त्याचं पत्र जरूर घ्या. माझा व्हिसा निघायच्या आठवड्यात हातात आला.

रोम, म्हणजे रोमच्या बाहेरच

विमानतळावरून सरळ बस पकडायची आणि लाक्विला. इतकं सोपं होतं. पण फोनवर नकाशा बघताना दिसलं, जवळच टायबर नदी समुद्राला मिळते, आणि तिथं काठावरच्या खोपट्यांतून भलीमोठी चौकोनी जाळी पाण्यावर टांगलेली आहेत. आता ढिवराच्या पोरानं हे सोडून जायचं म्हणजे कसं? गेलो. एक म्हातारा चाक फिरवून जाळं वर घेत होता. आत चार बोटभर मासे. मी हातानं "एवढेच?" केलं. त्यानं आभाळाकडे बोट दाखवून खांदे उडवले. आमच्या तलावावर हेच चालतं, फक्त शिव्या मराठीत असतात.

बुक केलेली बस अर्थातच गेली. तिबुर्तिना स्टँडवरून पुढची मिळाली, परत दहा-बारा युरो. फ्रँकोला फोन केला तर तो हसला, "तू वाघापेक्षा उशिरा येणार!"

रस्ता मात्र नाव घ्यावं असा. डोंगराच्या पोटातून बोगदे. एकातून निघालं की दरी, पलीकडच्या कड्यावर चिकटलेलं एखादं गाव, की परत बोगदा. थंडी सप्टेंबरातच लागते, स्वेटर हाताशी ठेवा. शेवटी दरी रुंद झाली, समोर ग्रान सास्सोचा उघडाबोडका डोंगर, आणि खाली शहर. शहरापेक्षा आधी क्रेन दिसल्या. तिथं २००९ मध्ये मोठा भूकंप झाला होता, बांधकाम अजून चालू आहे.

लाक्विला

फ्रँकोच्या घरी लिदियानं मसुरीसारख्या बारीक डाळीचं वरण दिलं, वर तेलात तळलेला पाव. भाताची आठवण आली, पण दोन वाट्या खाल्ल्या. बाहेर खायचं तर मेंढीच्या मटणाच्या काड्या मागवा. काडीला टोचून शेकलेले बारीक तुकडे, ढिगानं येतात. स्वस्त आहेत आणि हातानंच खातात.

सकाळी त्यानं आधी कारंजं दाखवलं. शहराच्या खालच्या टोकाला, तीन बाजूंनी लाल-पांढऱ्या दगडाची भिंत आणि भिंतीतून पाणी सोडणारी दगडी तोंडं. कोणी माणूस, कोणी जनावर, कोणी काय ते कळत नाही. नव्याण्णव तोट्या म्हणतात, एकेका गावाची एकेक. खाली दगडी हौद, त्यात पूर्वी बायका धुणं धुवायच्या.

मी फोटोसाठी फोन काढून विचारलं, "तुमच्या गावाची कोणती?"

"माहीत नाही," फ्रँको म्हणाला. "कोणालाच माहीत नाही. नव्याण्णव गावं होती का, तेही नक्की नाही. गोष्ट आहे."

माझं तोंड त्या दगडी तोंडांसारखं झालं असणार. गाडी विकून आलो आणि काकीला सांगायचं काय, गोष्ट आहे?

"चल," तो म्हणाला, "गोष्ट नाही ते दाखवतो." वर चढत एका चौकात नेलं. चौकाचं आणि चर्चचं नाव सान्ता मारिया पागानिका. मग गाडीत बसवून शहराबाहेर डोंगराच्या पायथ्याशी एका गावात नेलं. पाटीवर नाव, पागानिका. या गावची माणसं शहरात आली तेव्हा त्यांनी तिथं आपलं चर्च आणि चौक बांधले, नाव लावलं, आणि एकाला एक लागून राहिली. वर गावातल्या कुरणावरचा हक्कही सोडला नाही. शहरात राहायचं आणि गावच्या गवतावर मेंढ्याही चारायच्या. मी पाटीचा फोटो काढला, चौकाच्या पाटीचा आधीच काढला होता. आता माझ्याकडे पुरावा होता. मी खूश.

पण लिदियाची आई असुन्ता तिथंच, तिच्या घरी भेटली. नव्वदीची, काळा स्वेटर, ताठ. भूकंपात तिचं घर पडलं. सरकारनं शहराबाहेर नव्या इमारती बांधल्या, जुनं घर परत बांधून होईपर्यंत तिला तिथं फ्लॅट मिळाला. फ्रँको तिचं बोलणं मला इंग्रजीत सांगत होता.

"घर चांगलं होतं?" मी विचारलं.

"फार चांगलं. भिंती नव्या, गरम पाणी. पण वाटप यादीनं. माझी शेजारीण दुसऱ्या टोकाला, मला गाडी चालवता येत नाही. आमच्या गल्लीत भट्टी एक होती, पाव भाजायला पाळीनं जायचो. नव्या घरात ओव्हन माझा एकटीचा होता. मी त्यात भांडी ठेवायचे."

मी तिला जाळ्याचं सांगितलं. टेबलावरचे रुमाल घेऊन टोकाला टोक बांधून दाखवले. तिनं बघितलं, मधला एक रुमाल ओढून काढला आणि मोडलेलं जाळं माझ्या हातात दिलं. मग उठून कॉफी ठेवली.

म्हणजे एकाच शहरानं दोन्ही करून पाहिलं होतं. एकदा गावं अख्खी आणली, एकदा माणसं यादीनं नेली. दोन्ही सांगायचं, मी ठरवलं. पुढचे चार दिवस फ्लॉरेन्ससाठी ठेवले होते. गेलो नाही. चौक शोधत फिरलो, पाट्यांचे फोटो काढले, आणि आयुष्यात पहिल्यांदा ठरल्या दिवशी, ठरल्या बसनं निघालो.

गाव

बल्लारपूरला उतरलो तेव्हा एक ऑक्टोबरची दुपार होती. संध्याकाळी टोलीतल्या सगळ्यांना ओट्यावर बसवून सांगितलं. फोटो फोनवर इवलेसे, म्हाताऱ्यांना दिसेनात. मग घरचेच रुमाल बांधले आणि असुन्तानं केलं तसा मधला ओढून दाखवला. काकी म्हणाली, "त्या बुढीले अक्कल हाये. विक्या, उद्या तू फोटो दाखवू नको."

दुसऱ्या दिवशी सभेत पुनर्वसनाचे साहेब नकाशा घेऊन बसले. चांगले होते, ओरडणारे नव्हते. म्हणाले, "चिठ्ठीत अन्याय होत नाही, बाई. सर्वांना सारखं."

"सारखं द्या साहेब. पण लागून द्या," काकी म्हणाली आणि मागं वळून हाक मारली, "आना वं!"

घराघरातून बाया आल्या, काखेत आपापला तुकडा. शाळेच्या पटांगणात एकेकीनं तो पसरला, शेजारणीच्या तुकड्याला गाठ मारली. जाळं वाकडंतिकडं होत झेंड्याच्या खांबाला वळसा घालून गेलं, आमची गल्ली वळते तसंच.

"हा पाहा आमचा नकाशा," काकी म्हणाली. "या लायनीनं घरं द्या."

साहेब उठून जाळ्याच्या कडेकडेनं चालत गेले. एका जागी थांबले. काकीच्या तुकड्यापुढं हातभर मोकळी जागा होती, मग पुढचा तुकडा.

"इथे तुटलं आहे का?"

"तुटलं नाई. हे याचं घर," काकीनं माझ्याकडे हात केला. "याचा बाप गेल्यापासून याचा तुकडा माळ्यावर सडून राह्यला. हा कुठी कुठी फिरते. पण जागा याची हाये, ते दुसऱ्याले नाई देत."

सगळे हसले. मीही हसलो, पण नंतर कुठं बघावं ते कळेना.

साहेबांनी शाळेच्या गच्चीवरून जाळ्याचा फोटो घेतला. चिठ्ठी घराची नको, टोलीची टाका, हा ठराव लिहून वर पाठवला. मंजूर होईल का माहीत नाही. काकी रोज तलाठ्याकडे चक्कर टाकते.

लाक्विलाला जा. रोमहून एका दिवसात होतं, पण दोन दिवस ठेवा. कारंज्यावर तोट्या मोजत बसू नका, वर चौकांत जा आणि पाट्या वाचा. मोटारसायकल परत घ्यायची होती, पण ते आता नंतर. सध्या माळ्यावरचा तुकडा काढलाय. अर्धा उंदरांनी खाल्लाय. काकी दोरा आणि सुई देऊन गेली आणि दाराशी थांबून म्हणाली, "घट्ट मार रे गाठी. माह्याच बाजूनं येते ते."