मला मुलगी नाही

माझ्या जन्मदात्याला मी काका म्हणते. जिच्या पोटी जन्मले तिला काकू म्हणते. आणि ज्यांना आई-पप्पा म्हणते, ते काकांचे थोरले भाऊ आणि वहिनी. आम्ही सगळे पर्वतीच्या पायथ्याशी एकाच इमारतीत राहतो, ते पहिल्या मजल्यावर आणि आम्ही दुसऱ्या. हे असं धडधडीत सांगून टाकते, कारण आमच्या घरात ते कधीच कुणी धडधडीत बोललं नाही आणि मला आता त्या कुजबुजीचा वीट आलाय.

कारण साधं आहे. काका नगरसेवक. आपल्याकडे तिसरं मूल झालं की महापालिकेच्या निवडणुकीला उभं राहता येत नाही. काकांना दोन मुलगे होते, पहिली निवडणूक नुकतीच जिंकलेली होती, आणि माझी चाहूल लागली. काकूच्या लक्षात यायलाच उशीर झाला. डॉक्टरांनी हात वर केले. दुसरा एखादा माणूस डोकं धरून बसला असता. काकांनी कार्यक्रम ठेवला.

कार्यक्रम म्हणजे आईचं डोहाळजेवण. आईच्या लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. तिच्या पोटाला दोन सुती साड्या गुंडाळल्या, वरून हिरवी साडी नेसवली, फुलांचा मुकुट, फुलांच्या बांगड्या घातल्या आणि वॉर्डातल्या झाडून सगळ्या बायकांना बोलावलं. फोटोग्राफर लावला. दोन झाकलेल्या वाट्या पुढे केल्या, एकीत पेढा आणि एकीत बर्फी. आईने उघडलेल्या वाटीत बर्फी निघाली, म्हणजे मुलगी होणार, म्हणून बायका हसल्या. काकू त्या वेळी आतल्या खोलीत कडी लावून बसली होती, सात महिन्यांची. तिला कावीळ झालीय असं बाहेर सांगितलं होतं. स्वतःच्या पोराच्या डोहाळजेवणाची गाणी तिने बंद दाराआडून ऐकली. पुढे गावाबाहेरच्या एका नर्सिंग होममध्ये ती आईच्या नावाने दाखल झाली आणि माझ्या जन्मदाखल्यावर आईचं नाव चढलं. कागद एकदम स्वच्छ.

हे मला तेराव्या वर्षी आईने सांगितलं, मेथी निवडता निवडता. हळदीकुंकवाला आलेली एक बाई माझ्याकडे बघून म्हणाली होती, "नाक अगदी काकांचं हो." ती गेल्यावर मी विचारलं. आई म्हणाली, "तेरा वर्षांची झालीस, आता तोंड बंद ठेवता येईल तुला." आणि सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर काड्या कचऱ्यात टाकल्या आणि भाजी धुवायला उठली.

काका वाईट नगरसेवक होते असं मी म्हणणार नाही. वॉर्डातलं ड्रेनेजचं एकेक झाकण त्यांना पाठ होतं. कुणाच्या घरात कोण आजारी, कुणाची मुलगी कितवीत, कुणाचा जावई पिऊन येतो, सगळं तोंडावर. सकाळी सातला टँकरच्या मागे उभे असायचे. पक्ष तीन बदलले, पण माणसं सोडली नाहीत. बागेतल्या बाकांवर, बसथांब्यावर, स्मशानातल्या सिमेंटच्या ओट्यावरसुद्धा त्यांचं नाव आहे. आमच्या भागात मेल्यावरही काकांच्या निधीतूनच जावं लागतं. वॉर्डातल्या प्रत्येक पोराला वाढदिवसाला त्यांच्याकडून केक जातो. मलाही यायचा, तसाच, तेवढाच, पिवळ्या क्रीमचा. अठरा पूर्ण झाली त्या दिवशी मात्र स्वतः जिना चढून वर आले. मला वाटलं, आज काहीतरी बोलतील. त्यांनी मतदार नोंदणीचा फॉर्म आणला होता.

आणि त्यांचं भाषण. महिलांचा कोणताही कार्यक्रम असो, शिलाई मशीन वाटप असो की शाळकरी मुलींचा सत्कार, शेवटाला एक वाक्य ठरलेलं. माईक जरा लांब धरायचे, चष्मा काढायचे आणि म्हणायचे, "देवानं मला सगळं दिलं. पण मला मुलगी नाही, हे दुःख मी मरेपर्यंत उराशी घेऊन जाणार." बायका पदराने डोळे टिपायच्या. मी तिसऱ्या रांगेत बसलेली असायचे. एकदोनदा नाही हो, वीस-पंचवीस वेळा तरी ऐकलंय मी ते. मग मी बघायला लागले, चष्मा नेमका कोणत्या शब्दावर निघतो. 'सगळं'वर निघायचा.

तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. त्यांनी एकदा, कुणी नसताना का होईना, मला मुलगी म्हणावं. हसू येईल तुम्हाला. मलाही येतं. पण घशात अडकलेल्या घासासारखं असतं ते, आत जात नाही आणि बाहेर पडत नाही.

पप्पांबद्दल सांगायचं राहिलंच. त्यांच्याबद्दल नेहमी राहूनच जातं. ते शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. काकांच्या पहिल्या निवडणुकीत फ्लेक्स नव्हते, भिंती रंगवायच्या. धाकट्या भावाचं नाव पप्पांनी चुन्याच्या भिंतींवर माणसाच्या उंचीएवढ्या अक्षरांत लिहिलं, खांदा दुखेपर्यंत. काका जिंकले तेव्हा गुलाल त्यांच्यावर पडला आणि पप्पांच्या हातांना महिनाभर टर्पेंटाइनचा वास येत होता. मला ताप आला की उशाशी कोण, माझ्या पालकसभेला कोण, भूमितीच्या वहीतल्या आकृत्या कोण तपासणार, तर पप्पा. कमी बोलायचे. शुद्धलेखनाची चूक दिसली की तेवढं बोलायचे. त्यांच्याबद्दल मी कधी विचारच केला नाही. डोक्यावरच्या छताचा कोण करतं?

मधली काही वर्षं पालिकेच्या निवडणुकाच झाल्या नाहीत. कारभार प्रशासकाकडे होता आणि काका माजी झाले. माजी नगरसेवक म्हणजे काय असतं ते घरात बघावं. फोन वाजेना. ऑफिसातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक रचलेल्याच राहायच्या. काका दुपारी गॅलरीत उभे राहून खालच्या रस्त्यावरचे खड्डे मोजायचे. पोट सुटलं, केसांना रंग लावणं सोडलं. म्हणून निवडणुका जाहीर झाल्या तेव्हा या माणसात एकदम वीज आली. साठी उलटलेली. घरातले सगळेच जाणून होते, ही शेवटची.

छाननीच्या दिवशी विरोधकाने हरकत घेतली. उमेदवाराला तीन अपत्यं आहेत, तिसरी मुलगी भावाच्या नावावर दाखवली आहे, अर्ज बाद करा. कुणीतरी जुन्या नर्सिंग होममधल्या आयाला शोधून काढलं होतं म्हणे. निवडणूक अधिकाऱ्याने चार वाजेपर्यंतची वेळ दिली.

दुपारी दोनला मी क्लासवरून घरी आले तर खाली काकांच्या ऑफिसात सगळे जमलेले. वकील, आई, पप्पा, काकू. टेबलावर माझा जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि तो डोहाळजेवणाचा अल्बम, लाल मखमली कव्हरचा. आईचा फुलांच्या मुकुटातला फोटो वकिलाने कागदाची खूण घालून ठेवला होता. शेजारी प्रतिज्ञापत्र टाइप केलेलं. मी सज्ञान, म्हणून माझी सही हवी. मी शपथेवर सांगते की मी यांची मुलगी आहे, त्यांची नाही. खाली आईची आणि पप्पांची. आणि ओळख पटवणारी म्हणून काकूची.

काकूने सही आधीच करून टाकली होती. वेळ कमी होता ना.

"इथे आणि इथे," वकील म्हणाला.

मी पेन घेतलं नाही. म्हटलं, "काकांशी दोन मिनिटं बोलायचंय. एकट्यांशी."

आईने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिला कळलं. पप्पा खिडकीपाशी उभे होते, त्यांनी चष्मा पुसला. त्यांना काही कळलं असेल असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

आतल्या खोलीत काकांनी दार लोटलं आणि पहिला प्रश्न विचारला, "फोन कुठंय तुझा?"

मी दाखवला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, बंद केला, दार किलकिलं करून बाहेर वकिलाकडे दिला. मग म्हणाले, "हं. काय पाहिजे बोल. वाघोलीचा फ्लॅट? निकाल लागू दे, तुझ्या नावावर करतो. तसाही रिकामाच पडलाय."

"फ्लॅट नको."

"मग शिकायला बाहेर जायचंय? कुठं? बोल की पटकन, चारपर्यंत पोचायचंय."

दहा वर्षं घोकलेलं वाक्य होतं. शेवटी मी ते बोलले, मोठ्यांदाच बोलले, कारण हळू बोलले असते तर रडले असते. "तुम्ही माझे वडील आहात. मला दुसरे कुणी वडील नाहीत. एकदा तेवढं तोंडाने म्हणा. मुलगी म्हणा मला. मग कुठे सांगाल तिथे सही करते."

काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. ड्रेनेजची तक्रार घेऊन आलेल्या बाईकडे ते असेच बघतात, किती वेळात निपटेल याचा अंदाज घेत.

"आहेस की," ते म्हणाले. "माझीच मुलगी आहेस तू. नाही कोण म्हणतंय? झालं समाधान? चल आता."

चष्मासुद्धा काढला नाही.

मी तिथेच उभी होते. वाटलं होतं काहीतरी होईल, छाती भरून येईल, निदान संताप तरी येईल. काहीच झालं नाही. बसमध्ये कुणीतरी पाय दिला आणि सॉरी म्हटलं तर जेवढं होतं तेवढंसुद्धा नाही. या चार शब्दांसाठी मी माझी दहा वर्षं नासवली, गाढव कुठची.

दार उघडलं तर दारापाशी पप्पा. वकिलाने घाई करायला पाठवलं होतं त्यांना. आमच्या त्या ऑफिसातलं पार्टिशन प्लायचं आहे, पलीकडे कुणी शिंकलं तरी ऐकू येतं. ते बाजूला झाले आणि मला वाट दिली.

मी सही केली. आईने केली. मग पप्पा बसले. अक्षर त्यांचं सुंदर आहे, सहीसुद्धा ते सावकाश, वेलांट्या देऊन करतात. 'वडील' असं छापलेल्या जागेपुढे पेन टेकवलं आणि थांबले. वकील म्हणाला, "सर, इथंच." पप्पा म्हणाले, "हो हो, वाचतोय." आणि सही केली. त्या दिवशी त्यांनी वेलांटी दिली नाही.

हरकत फेटाळली गेली. प्रचाराच्या शेवटच्या सभेत काकांनी 'मला मुलगी नाही'चं वाक्य टाकलं, आणि यंदा तर थेट सांगितलं की विरोधकांनी आपल्या या दुःखाची थट्टा मांडली. बायकांनी हंबरडे फोडायचे तेवढे बाकी ठेवले. काका दणदणीत निवडून आले. ऑफिसातल्या खुर्च्या पुन्हा मांडल्या गेल्या.

वर आमच्याकडे सगळं पहिल्यासारखंच चाललंय असं मी धरून चालले होते. पप्पा चहा घ्यायचे, पेपर वाचायचे, मी हाक मारली की ओ द्यायचे. फक्त माझ्या चुका काढणं त्यांनी थांबवलं. मी मुद्दाम 'दीर्घ'ला पहिली वेलांटी देऊन चिठ्ठी लिहून ठेवली फ्रिजवर. दोन दिवस राहिली तशीच.

निकालानंतर महिन्याने मला बेंगळुरूच्या नोकरीचं पत्र आलं. मी पळतच गच्चीवर गेले. पप्पा कुंडीतल्या गुलाबाच्या वाळक्या काड्या छाटत होते. म्हटलं, "पप्पा, नोकरी लागली. जाऊ ना मी?"

त्यांनी पत्र घेतलं, चष्मा वर करून अख्खं वाचलं, घडी होती तशी घालून परत दिलं.

"छान झालं," ते म्हणाले. "पण एवढ्या लांब जायचं म्हणजे खाली जाऊन एकदा वडिलांना विचार."

आम्ही पुण्याची माणसं, टोमणा आम्हाला लांबून कळतो. मी वाट पाहिली की आता ते हसतील, किंवा निदान माझ्याकडे कडवटपणे तरी बघतील, म्हणजे मी उलट बोलेन, भांडेन, त्यांच्या पायावर डोकं ठेवेन. पण तो टोमणा नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की परवानगी द्यायचा हक्क त्यांचा नाही.

"पप्पा, मी तेव्हा जे बोलले..." मी म्हटलं.

"अगं, बरोबरच बोललीस तू," ते म्हणाले, आणि पुढची काडी छाटायला वाकले.