शीबाई आणि कपाटाची किल्ली

शाळेतल्या पोरांनी आपल्या बाईंचं नाव शीबाई ठेवलं होतं, आणि ते काही उगाच नव्हे. फळा नीट पुसलेला नसला, शी! शिपायाने चहा कोमट आणला, शी! नाक असं मुरडायच्या की चष्मा वर सरकायचा. घरी नवरा म्हणायचा, "अगं, एखाद्या दिवशी तरी तुझ्या तोंडून 'वा' येऊ दे!" त्यावर त्या म्हणायच्या, "वा म्हणावं असं काही दिसू तर दे."

त्या प्राथमिक शाळेत वाचनाचा आणि विज्ञानाचा, दोन्ही तास त्यांच्याकडे होते. दोन्हींचं सामान एकाच काचेच्या कपाटात: वर गोष्टींची पुस्तकं, खाली भिंग, लोहचुंबक, तारा, सेल आणि छोटा बल्ब. कपाटाला हे भलंमोठं कुलूप, आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. त्यांना सगळे मोठे सर म्हणत.

"पोरं हात लावतील हो, बाई!" मोठे सर दचकून म्हणायचे.

"मग काय पाय लावतील?" बाई फणकारायच्या. पण किल्ली काही मिळायची नाही. पुस्तकं इतकी कोरी, की पानं एकमेकांना चिकटून बसलेली. उघडली की डांबरगोळ्यांचा भपकारा. शी!

तिसरीतली एक पोरगी मधल्या सुट्टीत त्या काचेला नाक लावून उभी असायची. सतत का आणि कसं विचारायची, म्हणून बाई तिला चौकशीताई म्हणत.

"बाई, तो बल्ब कसा लागतो?"

"दाखवीन गं बाई, तुझ्याच हातांनी लावायला देईन," बाई म्हणायच्या, आणि मनातल्या मनात मोठ्या सरांच्या नावाने बोटं मोडायच्या.

मोठ्या सरांना एकच गोष्ट झकास जमायची, टाळी. पाहुणे येणार असले की कपाट उघडायचं आणि पुस्तकं मुलांच्या हाती द्यायची. एक टाळी वाजली की सगळ्यांनी पान उलटायचं. दोन वाजल्या की "वा!" म्हणून ओरडायचं. याला ते वाचनाची गोडी म्हणत. बाई नाक मुरडायच्या. अरे, ही पोरं आहेत की चावीची खेळणी?

तपासणी जवळ आली तेव्हा मोठ्या सरांनीच सौदा मांडला. "एवढी तपासणी सुरळीत पार पडू द्या, किल्ली कायमची तुमची. फक्त मध्ये तोंड उघडायचं नाही."

बाईंनी मान डोलावली. किल्ली हवी होती ना!

तपासणीचे साहेब आले. टाळी वाजली, पानं उलटली. मग चौकशीताईला पुढे बोलावलं. मोठ्या सरांनी तोंडी पढवल्याप्रमाणे तिने तारा जोडल्या. बल्ब कसला लागतोय! सेल कपाटातच कुजले होते. त्यांच्या तोंडाशी पांढरा चिकट थर आला होता. बाईंना तो लांबूनही दिसला.

मोठ्या सरांनी दोन टाळ्या वाजवल्या.

"वा!" वर्ग ओरडला.

चौकशीताईने न लागलेल्या बल्बकडे पाहिलं, मग मोठ्या सरांकडे पाहिलं, आणि तीही म्हणाली, "वा!"

"छान, छान! चांगला उजेड पडला," मोबाईलमधून डोकं न काढता साहेब म्हणाले. बाईंच्या ओठांवर 'शी' आली. पण किल्लीवर नजर ठेवून त्या गप्प बसल्या.

किल्ली खरोखरच मिळाली, मोठ्या सरांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी येतानाच बाई नवे सेल घेऊन आल्या. कपाट सताड उघडलं. पुस्तकं पोरांच्या पुढ्यात टाकली, म्हणाल्या, "घ्या रे, फाटली तरी चालतील!" आणि तारा चौकशीताईच्या हातात दिल्या.

तिने जपून टोकं जोडली. बल्ब लागला. चांगला पिवळाधमक, डोळ्यांवर यावा असा! बाईंचं नाक आयुष्यात पहिल्यांदा सरळ झालं असेल. 'वा' अगदी ओठांवर आला होता.

वर्ग मात्र चिडीचूप. एकही पान उलटलं नव्हतं, एकाच्याही तोंडून शब्द नव्हता.

"अगं, बघ ना! लागला की!" बाई म्हणाल्या.

चौकशीताई बल्बकडे बघतच नव्हती. ती बाईंच्या हातांकडे बघत होती.

"बाई," तिने हळूच विचारलं, "टाळी कधी वाजवणार?"