आयचं आडनाव विचारणारा केईता

ऐंशी-एक्याऐंशीचा मे महिना असेल. आमच्या गावी, नंदाखालला, घराच्या ओट्यावर एक पाहुणा येऊन उभा राहिला... एवढा उंच की बाबांनी आधी दाराची चौकट बघितली आणि मग त्याच्याकडे.

माझा मोठा भाऊ फेलिक्स मुंबईत हॉस्टेलवर राहून शिकत होता, त्याचा हा रूममेट. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातला. सुट्टीत हॉस्टेल बंद, विमानाचं तिकीट परवडण्यासारखं नाही, म्हणून फेलिक्स त्याला महिनाभर घरी घेऊन आला होता. कॉलेजात सगळे त्याला केईता म्हणायचे, म्हणून आम्हीही केईता.

आईला आम्ही आय म्हणायचो. तिने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि पहिला प्रश्न टाकला, "केईता नावाचा संत कोन रे? त्याचा सन कवा असते?" आम्ही ख्रिस्ती, आमच्याकडे ज्याचं जे नाव, त्या संताच्या सणाला त्याचं कौतुक. सण मे महिन्यातच पडत असला तर फुगे, म्हणजे आमचे सणाचे मैद्याचे गोळे, तळायचा तिचा बेत होता...

फेलिक्सने कपाळावर हात मारला. "आय, तो मुसलमान आहे गं. आणि केईता हे त्याचं आडनाव!"

केईताला मात्र हा प्रश्न भयंकर आवडला. मुंबईत दोन वर्षांत त्याच्या नावाबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं. रस्त्यावरचे लोक भलत्याच नावाने हाका मारायचे, ते वेगळंच.

संध्याकाळी तो ओट्यावर बसून सांगायला लागला. तो इंग्रजीत, फेलिक्स आमच्या बोलीत. माली साम्राज्य उभं करणारा राजा केईता. लहानपणी त्याला चालता येत नव्हतं म्हणे, लोक त्याच्या आईला टोमणे मारायचे... मग एक दिवस तो लोखंडी कांब धरून उभा राहिला. त्याच घराण्यातला दुसरा एक राजा मक्केला निघाला तो सोन्याने लादलेले उंट घेऊन. देश स्वतंत्र झाल्यावर पहिला राष्ट्राध्यक्षही केईताच, शाळामास्तर होता, पुढे कैदेतच वारला. आणि आता एक तरुण गायक आहे, तोही केईता... राजघराण्याच्या माणसाने गायचं नसतं, दुसऱ्यांनी त्याच्यासाठी गायचं असतं, म्हणून घरचे त्याच्यावर नाराज.

"म्हणजे राजेच आलेत आमच्याकडे," बाबा म्हणाले. "मग उद्या केळीचे लोंगर कोन वाहनार?" केईता खो खो हसला. त्याच्या वडिलांचं भुईमुगाचं शेत होतं. दुसऱ्या दिवसापासून केळीचे ते घड त्यानेच वाहिले.

पण त्या संध्याकाळी हसून झाल्यावर तो गावाकडचं सांगायला लागला. त्याच्या गावात भेटल्यावर आधी आडनाव विचारतात, आणि मग मान देऊन तेच आडनाव दोन-तीनदा उच्चारतात. म्हणजे तुझ्या मागची सगळी माणसं मी ओळखली, असं. "दोन वर्षं झाली, मला कुणी असं म्हटलेलं नाही," तो म्हणाला. त्याला घरची किती आठवण येत होती, ते मला तेव्हा कळलं.

मग त्याने आयला तिचं आडनाव विचारलं. फेलिक्सने लोपीस म्हणून सांगून टाकलं. "ते तुझ्या बाबांचं. मी आईचं विचारतोय." त्यांच्याकडे बाई लग्नानंतर आडनाव बदलत नाही. शेवटपर्यंत तिच्या वडिलांचंच.

आयचे आईवडील लवकर गेले होते. एकुलता एक भाऊ बोटीवर नोकरीला लागला, तिकडेच कुठे राहिला आणि पत्रं थांबली. माहेरचं घर विकलं गेलं. आमच्या आळीत ती फेलिक्सची आय, नाहीतर लोपीसीण. सांगायला लाज वाटते, पण मी अकरा वर्षांची होते आणि मलाही तिचं माहेरचं आडनाव माहीत नव्हतं.

"रुमाव," ती हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आय विहिरीवर पाणी भरत होती. केईता समोर गेला, छातीवर हात ठेवून वाकला. "रुमाव!... रुमाव!"

आयच्या हातातली कळशी तशीच राहिली. मग तिने पदर सारखा केला आणि पार आळीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "केईता! केईता!" तो मटकन विहिरीच्या काठावर बसला आणि ढसाढसा रडला. आयही रडली. दोघांना एकमेकांच्या भाषेचं एक अक्षर येत नव्हतं.

मग रोज सकाळी हेच. महिनाभर! आणि आय आम्हाला रुमावांच्या गोष्टी सांगायला लागली. तिचे वडील चर्चच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. तिच्या आत्याने अर्ध्या गावाची बाळंतपणं केली होती. "आमच्यात राजा नव्हता कोनी," ती म्हणायची, पण म्हणताना मान ताठ असायची.

जूनमध्ये केईता हॉस्टेलवर परत गेला. पुढे शिक्षण संपवून मायदेशी गेला, दोन पत्रं आली, मग तीही थांबली...

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात दात घासत उभी होते. आय विहिरीपाशी थांबली. ओट्याकडे बघितलं, थोडा वेळ नुसतीच उभी राहिली. ती कशाची वाट बघतेय, ते मला बरोबर कळलं होतं. पण स्वतःच्या आईला आडनावाने कशी हाक मारायची? कुणी हसलं तर?... तिने कळशी उचलली आणि आत आली.

त्यानंतर ती सव्वीस वर्षं जगली. मी एकदाही ती हाक मारली नाही.

केईता, कुठे असशील तिथे तुझे आभार. तू तिला एक महिना दिलास, मी एक सकाळही दिली नाही.

रुमाव... रुमाव... आय, उशीर झाला गं.