ताईचा तक्ता

आमची ताई कुठल्याही इमारतीत शिरली की आधी लिफ्टचं दार किती वेळात मिटतं ते मोजते. पाहुणी म्हणून गेलेली असली तरी. मग यजमानांना सांगते, "दार अडकतंय, कुणाला तरी बोलवा." लोकांना वाटतं, काय खडूस बाई आहे! आहेच. पण जन्मापासून नव्हती. ती अशी कशामुळे झाली, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

चोवीस वर्षं ती लिफ्टच्या एकाच कंपनीत आहे. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत घामाघूम होत पोलादी दोराची एकेक तार टॉर्चने बघायची, तुटलेल्या तारा मोजायच्या, वहीत टिपायच्या. एकदा केलेला हिशेब ती खरा मानत नाही, उलट्या बाजूने पुन्हा करते. भाजीवाला तिला बघून दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळतो.

इंजिनिअरिंगचा निकाल लागला तेव्हा तिच्या हातात दोन पत्रं होती. एक या कंपनीचं, घरापासून वीस मिनिटांवर. दुसरं दूरच्या शहरातलं, फायनान्सच्या पदव्युत्तर शिक्षणाचं, फीसुद्धा माफ. बाबा भडकले. "इंजिनिअर झालीस ना? आता काय सावकारी शिकणार?"

"बाबा, लिफ्ट का बिघडते ते मला कळतं. ती दुरुस्त करायला पैसे का देत नाहीत, ते कळत नाही. ते जिथे ठरतं ना, त्या खोलीत मला बसायचंय."

अडचण फीची नव्हती, बाबांची होती. आई जाऊन चार वर्षं झाली होती आणि बाबांचे डोळे पार गेले होते. जिना एकट्याने उतरता येत नव्हता. जीभ मात्र शाबूत होती. कुणीतरी एकाने घरात राहणं भाग होतं. मी वीस वर्षांचा, छपाईयंत्रांच्या कंपनीने मला बाहेरगावी बोलावलेलं. ताई गेली की मी अडकलो, साधा हिशेब होता.

ताईने कधी कौल लावला नाही की कुणाचा सल्ला विचारला नाही. तिने आलेखाचा मोठा कागद घेतला आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. डावीकडे मुद्दे: आवड, पगार, पुढची वाट, घरी माणूस हवं. उजवीकडे दोन रकाने, नोकरी आणि कॉलेज. प्रत्येक मुद्द्याला दहापैकी वजन. 'घरी माणूस हवं' याला तिने तीन दिले होते. मी आहे ना घरी, म्हणून तीन! बेरीज उद्या करू, ताज्या डोक्याने, म्हणाली आणि बाबांना दवाखान्यात घेऊन गेली.

इंग्रजी तिनाचा आठ करायला दोन फराटे पुरतात. पेनही तिचंच वापरलं. हात थरथरला वगैरे काही नाही, उगाच कशाला खोटं बोलू?

दुसऱ्या दिवशी तिने बेरीज केली. नोकरी पुढे निघाली. ती बराच वेळ कपाटासमोर उभी राहिली. चोराच्या मनात चांदणं, मी उगाच बुटांना पॉलिश करत बसलो. "शुक्रवारी पाचपर्यंत कॉलेजला कळवायचंय," एवढंच ती म्हणाली. शुक्रवारी घराबाहेर पडताना तिने मला विचारलं, "तुला काय वाटतं रे?"

मी म्हणालो, "तक्त्याचं ऐकावं."

तिने ऐकलं. मी आठवड्यात सामान बांधून गेलो. पुढे वर्षातून दोनदा यायचो, मिठाईचा पुडा घेऊन, आणि बाबा तिच्यावर खेकसत असले की गल्लीतून चक्कर मारून यायचो. तिने त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले, शिव्या खाल्ल्या, लग्नाचा विषय निघाला की "वेळ कुठाय" म्हणाली. मी चोवीस वर्षं त्याला 'ताईचा निर्णय' म्हणत आलो.

गेल्या वर्षी तिच्या कंपनीतल्या उंटावरच्या शहाण्यांनी लिफ्टची तपासणी महिन्याऐवजी तीन महिन्यांनी करायचं ठरवलं. ही तुटलेल्या तारांची वही घेऊन बैठकीत गेली. फायनान्स शिकलेला, तिच्या निम्म्या वयाचा एकजण गोड हसून म्हणाला, "मॅडम, तुमचा मुद्दा तांत्रिक आहे. इथे आर्थिक निर्णय चाललाय." दार उघडून धरलं त्याने. ही बाहेरच्या बाकावर वही मांडीवर घेऊन बसली. फोनवर मला सांगताना हसत होती. मी विषय बदलला.

बाबा गेल्या महिन्यात गेले. मी घर आवरायला आलो. कपडे काढता काढता कपाटाचं दार पूर्ण उघडलं आणि तक्ता समोर आला. पिवळा पडलेला, पण आठ ठळक. शेवटी तोंडातून निघून गेलं, "ताई, हा आठ माझा आहे."

"माहितेय."

"कधीपासून?"

"बेरीज केली तेव्हापासून. तीन मी लिहिला होता. मला आठवणार नाही?"

"मग बोलली का नाहीस? कानफटात मारायचीस माझ्या! तीन धरायचास आणि निघून जायचंस!" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

ती नखाने चिकटपट्टी सोडवत होती. आवाज चढला नाही. "शुक्रवारपर्यंत वाट बघितली, तू सांगशील म्हणून. निघताना विचारलंसुद्धा. सांगितलं असतंस ना, तर त्याच पावली कळवून आले असते, येते म्हणून. पण नाही सांगितलंस. जो बहिणीच्या तक्त्यात हात घालून वर तोंड करून सल्ला देतो, त्याच्या हवाली आंधळा बाप करून जाणार कशी होते मी?"

तिने कागद न फाडता सोडवला, चार घड्या घातल्या आणि माझ्या बॅगेवर ठेवला.

"हा घेऊन जा," ती म्हणाली. "कपाट मला लागतंय."