खाडीकाठचं जातं

"बसत नाही गं, निघतेच," म्हणत काकू आमच्या दारात उभ्या राहायच्या. एक हात कडीवर, एक पाय चपलेत. चहा उभ्यानेच. तुमच्याही शेजारी असं कुणी असेल. दुबईतल्या बर दुबई भागात त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या, पोळीभाजीचे डबे करायच्या. काका गेल्यापासून त्यांचे पाय थांबलेले मी तरी पाहिले नव्हते. लिफ्टची वाट बघणंही त्यांना जमायचं नाही.

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. खाडीकाठच्या जुन्या घरातलं छोटं संग्रहालय पाहून निबंध लिहायचा होता. तिथे एकटीने जाऊन कुणाला काही विचारायचं म्हणून मी ते रोज उद्यावर ढकलत होते. काकू म्हणाल्या, "मी येते की. यल्ला, चल. घरात तरी कुठे बसवतंय मला." त्यांच्या लेकीचं लग्न महिन्यावर आलं होतं, साताऱ्याला.

संग्रहालयात त्या भाजी बाजारात फिरावं तशा फिरल्या. होड्या, मोती, खजुरीच्या चटया. "बघितलं, खलास, पुढे चल." मी वही उघडेपर्यंत त्या पुढच्या खोलीत असायच्या. मग जुन्या स्वयंपाकघरापाशी मात्र त्या एकदम थांबल्या. दोरीपलीकडे जमिनीवर दगडी जातं होतं. खुंट्यासकट.

"अगं, हे तर आपलंच," त्या म्हणाल्या. परतताना अब्राच्या होडीत बसलो, तर तिथेही त्यांची चुळबुळ चालू. "चालू असेल का गं ते?"

शनिवारी त्यांनी मला परत नेलं, लेकीलाही. ब्लाऊजपीस घ्यायला मीना बाजारला निघालोय, असं लेकीला वाटत होतं. दोरीपाशी आल्यावर काकूंनी पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली. आत हळकुंडं. आम्हाला काही कळायच्या आत त्या दोरीखालून वाकून जात्यापुढे उकिडव्या बसल्या.

"आई, प्लीज. एव्हरीवन इज लुकिंग."

तिथली अबाया घातलेली बाई लगबगीने आली. हिंदी छान बोलायची. "मॅडम, हाथ मत लगाइए."

"पाँच मिनिट, बहन. बेटी का हल्दी है. एक मूठ पीसती और जाती."

"तो शादी के घर में पीसिए ना."

काकू हळकुंडांकडे बघत राहिल्या. "वहाँ सुहागन लोग पीसती है. मेरे को नहीं पीसने देंगे. मेरा मरद नहीं है ना."

ही रीत मला माहीत होती. मामेबहिणीच्या लग्नात पाहिलीही होती. पण ती काकूंना लागू होईल, हे माझ्या मनात आलं नव्हतं. लेकीने डोळ्यांसमोर धरलेला फोन खाली केला.

"ऊपर पूछती हूँ, इन्शाल्ला," ती बाई म्हणाली. आली ती मान हलवतच. "सॉरी, बहन. इसको तो मैं भी हाथ नहीं लगा सकती."

"रहने दो," काकू म्हणाल्या आणि पुरचुंडीची गाठ मारली. ती लवकर बसेना.

घरी परतताना देवळाच्या गल्लीतून त्या इतक्या भराभर चालल्या की आम्ही मागे पडलो. "डिड यू नो?" लेकीने मला विचारलं.

"रीत माहीत होती," मी म्हटलं. "पण काकूंचं असं काही डोक्यात आलं नाही."



लग्न झालं, लेक नवऱ्याबरोबर अबुधाबीला गेली. काकूंनी डबे बंद केले आणि त्या साताऱ्याला परतल्या. वरच्या मजल्यावर आता कोचीचं कुटुंब आहे. ती माणसं लिफ्टने येतात-जातात. जिन्यात पावलं वाजली की मी अजून कान देते.

पण त्या शनिवारचं पुढचं सांगायचं राहिलंच. घरी आल्यावर लेकीने ओट्यावरचा मिक्सर उचलून खाली फरशीवर ठेवला.

"आई, सिट."

"मिक्सरवर कुठे लग्नाची हळद दळतात, वेडे?"

"आपण दळतो," लेक मराठीत म्हणाली.

हळकुंडं दगडासारखी कडक. भांडं उड्या मारायला लागलं तसं काकूंनी झाकण दाबून धरलं, त्यांच्या हातावर लेकीने हात ठेवला. काकू जात्यावरची ओवी म्हणत होत्या, पण त्या घरघरीत मला नुसते त्यांचे ओठ दिसत होते. मग मिक्सर तापून मध्येच बंद पडला. त्यांचा आवाज तेवढा खोलीत उरला, आणि त्यांनी तो थांबवला नाही.